बॅटरीवाल्या देवकाबाई

देवकाबाई बॅटरीला कान लावायच्या. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या दुकानाच्या जमिनीवर ओळीनं मांडलेल्या असत, झाकणं उघडी, आणि त्या गुडघ्यांवर बसून एकेकीच्या तोंडाशी वाकत. आत तेजाबाचं पाणी बारीक सळसळत असायचं. त्या डोळे मिटून ऐकत. मग एखाद्या खान्यावर बोट ठेवून म्हणत, "हा बोलून नाई राहिला. याच्यातच काई तरी आहे." त्या वाफेनं त्यांच्या पातळाला खांद्यापाशी बारीक बारीक भोकं पडलेली असत. नागपूरच्या इमामवाड्यात कुणी दुकानाचा पत्ता विचारला, तर लोक म्हणत, भोकं पडलेलं लुगडं दिसलं की तीच बॅटरीवाली.

मी तेव्हा जवळच्याच एका शाळेत शिकवत होते. सत्तरीच्या दशकाची सुरुवात असेल. शाळेच्या मैदानावर विजेची सोय नव्हती, म्हणून झेंडावंदनाचा लाउडस्पीकर मोटारीच्या बॅटरीवर चाले. ती बॅटरी आम्ही सायकलच्या दुकानातून भरून आणायचो आणि मुलींचं स्वागतगीत संपायच्या आत स्पीकरचा आवाज बसायचा. पाहुण्यांचं भाषण तर कुणाला कधी ऐकूच आलं नाही. हेडमास्तर नवी बॅटरी घ्यायला तयार नव्हते. शेवटी कुणीतरी देवकाबाईंचं नाव सांगितलं आणि मी बॅटरी सायकलरिक्षात घालून त्यांच्याकडे गेले.

"काय तक्रार आहे जी?" त्यांनी विचारलं.

"भरून आणतो, पण टिकत नाही."

"पाहू द्या आधी, मग बोलू."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ते ऐकून घ्यावंच लागे. त्यांनी रबरी फुग्याची काचेची नळी आणली, एकेका खान्यातलं पाणी तिच्यात ओढून पाहिलं. नळीत एक छोटा काटा तरंगत होता. सगळ्या खान्यांच्या पाण्यात तो वर आला, एकात मात्र तळाशी जाऊन बसला.

"इच्यात पाणी कोण टाकते?"

"शिपाई."

"कायचं?"

"नळाचंच असावं."

"नळाच्या पाण्यावर माणूस जगते जी, बॅटरी नाई जगत." त्या रागावल्या नाहीत. "हा एक खाना गेला. खाली गाळ साचला असन, प्लेटा एकमेकींले चिकटल्या असन. तुम्ही कितीबी भरा, हा एकटा साऱ्यांचं खाऊन टाकते."

"पण भरल्यावर तर चांगली चालते."

"भरली म्हणजे धरली नाई. मी भरून ठेवीन, मग तिले कोणी हात नाई लावाचा. दुसऱ्या दिवशी जे उरलं, ते तिचं खरं."

माझा समज असा की त्या मेकॅनिकची बायको आहेत आणि मेकॅनिक कुठेतरी बाहेर गेला आहे. मी विचारलंही, "मिस्त्री कधी येतील?" त्यांनी मानेनंच मागे दाखवलं. आतल्या दाराशी खाटेवर एक उंच, खांदे पडलेला माणूस बसला होता. त्यानं मला नमस्कार करायला हात वर केले, तेव्हा दोन्ही पंजे मनगटापासून खाली लोंबत राहिले.

"मिस्त्री हे होते," देवकाबाई म्हणाल्या. "आता मी आहे."

त्यांचे यजमान शालिकराम आधी एका ट्रान्सपोर्टच्या गॅरेजमध्ये बॅटरीचं काम करत. काम हाताला सरावल्यावर त्यांनी नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान टाकलं. बॅटरीच्या वरचं डांबर तापवून काढायचं, आतल्या प्लेटा उपसायच्या, गाळ धुऊन टाकायचा, खराब प्लेटा बदलायच्या, मधल्या पातळ लाकडी पट्ट्या नव्या घालायच्या आणि शिसं वितळवून सगळं पुन्हा जोडायचं, असं ते काम. देवकाबाई सुरुवातीला फक्त शिसं वितळवून द्यायच्या. मग शालिकरामांचा उजवा हात दुबळा झाला. पळी उचलली की मनगट वाकायचं. दुखत मात्र काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी ते बरेच दिवस अंगावर काढलं. एका वैद्यानं वाताचं तेल दिलं, दुसऱ्यानं लकव्याचा झटका सांगितला. पुढे डावाही हात गेला. मग देवकाबाई पुढच्या खोलीत येऊन बसल्या.

ट्रकचे ड्रायव्हर आधी त्यांच्याकडे बॅटरी टाकायला राजी नव्हते. हिंगण्याकडे कारखान्यांची बांधकामं सुरू झाली होती, तिकडे माल नेणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जायच्या. एकदा असाच एक सरदारजी ड्रायव्हर दारात उभा राहून शालिकरामांनाच बोलत राहिला. देवकाबाईंनी त्याला मध्ये अडवलं नाही. शालिकराम त्याला म्हणाले, "बोलो गा, पण सुनेंगी तो वही." पुढे तोच ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन, "भाभीजी, जरा देखना," म्हणत यायला लागला. शालिकरामांना याचं फार कौतुक. बायको काम करताना ते खाटेवरून तिच्या हातांकडे टक लावून पाहत बसत. चुकलं तर सांगत. बहुतेक वेळा सांगायची गरज पडत नसे.

आमची बॅटरी देवकाबाईंनी दुरुस्त करून दिली. त्या झेंडावंदनाला पाहुण्यांचं भाषण शेवटपर्यंत ऐकू आलं, आणि ते इतकं लांबलं की मुलं उन्हात चक्कर येऊन बसू लागली. मी हे सांगितलं तेव्हा देवकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसताना त्यांच्या हिरड्यांच्या कडेला मला एक निळसर काळी रेघ दिसली. मला वाटलं, मिश्री लावत असतील.

त्यांची मुलगी सुजाता माझ्याच वर्गात होती, हे तिला दुकानात पाहिल्यावर मला कळलं. आमच्याकडे पहिलीपासून चौथीपर्यंत एकच बाई वर्ग पुढे नेत असे, त्यामुळे ती मला पाटीवर रेघोट्या ओढत होती तेव्हापासून माहीत. लहानखुरी, घट्ट वेण्या, प्रश्न विचारायची फार सवय. एकदा वर्गात मी शून्य शिकवत होते, तर उभी राहून म्हणाली, "बाई, शून्याच्या आधी काय असते?" मी म्हटलं, "ते पुढच्या वर्गात." ती बसली, पण तोंड पाडून. शाळा सुटली की ती घरी दुकानातच असे. आईजवळ बसून शिशाच्या बारक्या गोळ्या डब्यात भरी, प्लेटांची करडी भुकटी झाडूनं गोळा करी, त्याच भुकटीत बोटानं पाढे लिही. भूक लागली की तिथंच भाकरीचा तुकडा खाई. पावसाळ्यात अंगणातली शेगडी भिजायची, तेव्हा शिसं आतल्या चुलीवरच वितळवलं जाई. बॅटरीतून निघालेल्या जुन्या लाकडी पट्ट्या देवकाबाई उन्हात वाळवून ठेवत. पातळ, कोरड्या पट्ट्या, चटकन पेट घेणाऱ्या. रोजचा स्वयंपाक त्यांच्यावर व्हायचा. संसार काटकसरीनं करणारी कोणतीही बाई असंच करेल.

सुजातानंतर त्यांना मूल टिकलं नाही. पोट राही आणि जाई. त्या हे सहज सांगत, हातातलं काम न थांबवता. "माह्या नशिबात एकच आहे जी. एक तं एक. तिले शिकवीन."

तिसरीच्या सुरुवातीला सुजाता बदलली. आधी माझ्या लक्षात आलं ते तिचं गप्प राहणं. मग पाढे चुकायला लागले. बाराचा पाढा घडाघडा म्हणणारी पोरगी पाचाच्या पाढ्यात मध्येच थांबून माझ्याकडे पाहत राही, जणू पुढचा आकडा मी कुठेतरी लपवून ठेवला आहे. चिडायची, शेजारच्या मुलीला चावायची. पोट दुखतं म्हणून डोकं बाकावर टेकवून पडायची. चेहरा पांढुरका पडत चालला होता. मी देवकाबाईंना जाऊन सांगितलं.

"मलेबी दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "पाहू द्या."

आणि त्या खरोखर पाहायला लागल्या. कोणती बॅटरी का उतरते हे शोधताना त्या एकेक गोष्ट बाजूला काढत जायच्या, तसंच त्यांनी इथं केलं. आधी जंतांचं औषध दिलं. मग पिण्याचं पाणी उकळून, फडक्यानं गाळून ठेवायला लागल्या. दूधवाला बदलला. शाळेबाहेरच्या बोरं-चिंचांवर बंदी घातली. मला विचारलं, वर्गात कोणी मारत तर नाही, बाकावर ऊन तर येत नाही. चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासून आणले. एक शेजारीण म्हणाली, बाहेरचं काहीतरी असेल, पोरीला अमुक बाबाकडे दाखव. देवकाबाईंनी तिला शांतपणे सांगितलं, "ते आम्ही सोडलं वं. दवाखान्यातच पाहू." घरात बुद्धाच्या तसबिरीखाली सुजाताची पुस्तकं मांडलेली असत.

एका डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून टॉनिक लिहून दिलं. टॉनिक, दूध, अंडी, फळं, सगळं तिला मिळावं म्हणून देवकाबाईंनी जास्त काम घ्यायला सुरुवात केली. आधी दोन-चार दिवसांआड शिसं वितळे, आता रोज वितळायला लागलं. सुजाता आजारी म्हणून शाळेत कमी यायची, म्हणजे दिवसभर घरात, आईच्या डोळ्यांसमोर, त्या खोलीत. आई उठून मधेच तिच्या कपाळाला हात लावी, तिला भरवी, पुन्हा कामाला बसे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात सुजाताला झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. मी शाळा सुटल्यावर गेले तेव्हा ती गुंगीत होती आणि देवकाबाई खाटेला टेकून उभ्या होत्या. शालिकराम जमिनीवर बसले होते, हात मांडीवर ठेवून.

तिथले एक मध्यमवयीन डॉक्टर राऊंडला आले. त्यांनी मुलीला तपासलं, केस पेपर वाचला, आणि मग अचानक शालिकरामांकडे पाहिलं.

"हात पुढे करा."

शालिकरामांनी केले. पंजे लोंबले.

"केव्हापासून?"

"दोन-तीन वर्षं झाली जी."

डॉक्टर देवकाबाईंकडे वळले. "तुम्ही तोंड उघडा. ओठ वर करा." त्यांनी खिशातली छोटी बॅटरी काढून हिरड्यांवर प्रकाश टाकला. मग तसाच मुलीच्या हिरड्यांवर टाकला. "काय काम करता तुम्ही?"

"बॅटरी दुरुस्त करतो जी. मोटारीच्या."

"कुठे?"

"घरीच."

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले. मला वाटतं, त्यांना उभ्यानं ते सांगवेना. शिसं वितळताना, बॅटरीतलं जुनं लाकूड जाळताना त्याचा धूर होतो, प्लेटांची धूळ उडते, ती अन्नात, श्वासात जाते. हळूहळू साचते, बाहेर पडत नाही. मोठ्यांचे हात जातात, पोट दुखतं, बायकांची मुलं पोटातच जातात. आणि लहान मुलांचं, त्यांनी थोडं थांबून सांगितलं, डोक्यात जातं. ते चांगले माणूस होते. प्रत्येक वाक्य त्यांनी हळू आणि समजेल असं सांगितलं. त्यामुळे देवकाबाईंना सगळं समजलं.

"पोरीले कायनं झालं म्हणता मंग?" शालिकरामांनी तरीही विचारलं.

"आपल्या कामानं," देवकाबाई म्हणाल्या.

इंजेक्शनं देता येतील, काही शिसं लघवीवाटे उतरेल, पण आधी झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि घरातलं शिसं पूर्ण साफ झाल्याशिवाय मुलीला पुन्हा तिथं न्यायचं नाही. ते गेल्यावर देवकाबाईंनी मुलीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग मला म्हणाल्या, "मी साऱ्या ठिकाणी पाह्यलं जी. दूध पाह्यलं, पाणी पाह्यलं, तुमची शाळा पाह्यली. माह्या चुलीत नाई पाह्यलं."

"तुम्हाला कसं कळणार होतं?" मी म्हटलं.

"मलेच कळाले पायजे होतं. दुसरं कोण पाहणार होतं?"

 

सुजाता जगली. पण दवाखान्यातून जी परत आली ती दुसरीच मुलगी होती. चालताना तोल जायचा. शब्द मोजके उरले होते, तेही अर्धे. आईला ओळखायची. मला 'बाई' म्हणायची, पण मी कुठली बाई हे तिला माहीत नसावं. तिला पाटी दिली तर ती हातात धरून बसे, लिहीत नसे. अधूनमधून झटके येत.

देवकाबाईंनी दुकान बंद केलं. जमीन उकरून काढून नवी माती टाकली, भिंतींना चुना दिला, चूल फोडली, भांडी नदीवर नेऊन घासली. काही महिने त्यांनी दुसरं काम करून पाहिलं. भांड्याचं काम केलं, हातगाडीवर भाजी लावली. पण त्यांचंही अंग आता साथ देत नव्हतं. सांधे धरायचे, पोटात कळा यायच्या. शालिकरामांना तर कुणी पहारेकरी म्हणूनही ठेवेना. दाराला कडी लावता न येणारा माणूस पहारा काय देणार? हिंगण्यातल्या एका कारखान्याच्या फाटकावरून त्यांना असंच परत पाठवलं. शेवटी देवकाबाईंनी घरापासून दूर, मोठ्या रस्त्याकडेच्या एका मोकळ्या जागेत चार बांबू रोवून टिनपत्रा टाकला आणि पुन्हा बॅटऱ्या घेतल्या. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

आता नियम कडक होते. कामाचं लुगडं तिथंच सोडायचं, घरी येताना दुसरं नेसायचं. अंगणात पाण्याचा ड्रम ठेवलेला. आधी कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे, मग अंघोळ, मग घरात पाऊल. सुजाता दारातूनच आईला पाहून हात पुढे करायची, रडायची, आणि देवकाबाई ड्रमपाशी उभ्या राहून सांगत, "थांब वं माय. आली. थांब." दिवसभर मुलीजवळ शालिकराम असत. ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडे आणि ते आपले निर्जीव पंजे तिच्या केसांवरून फिरवत.

एका दुपारी शेजारचा माणूस शाळेत मला बोलवायला आला. मी वर्ग तसाच सोडून गेले. सुजाता खाली जमिनीवर उपडी पडली होती. शालिकराम तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले होते आणि दोन्ही कोपरांनी तिला वळवायची धडपड करत होते. मी तिला उताणं केलं. ती गेलेली होती.

"झटका आला," शालिकराम म्हणाले. "तोंड खाली गेलं तिचं. मी लय जोर लावला जी. हातात येतच नव्हती. हातात येतच नव्हती."

मी तिच्या तोंडावरून ओल्या फडक्यानं पुसत होते तेव्हा देवकाबाई आल्या. त्यांना एवढंच कळवलं होतं की सुजाताला झटका आला आहे. त्या धावत आल्या होत्या, कामाच्याच लुगड्यात. अंगणात आल्या आणि ड्रमपाशी थांबल्या. साबण घेतला. मी दारातून पाहत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले, नखं घासली, पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला. अंगणात जमलेल्या बायकांपैकी एकीनंही त्यांना सांगितलं नाही. माझ्याच्यानंही सांगवलं नाही. हात निथळत त्या दाराशी आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाली.

त्रिशरण, पंचशील झालं. त्या लहानशा देहाला उचलायला बापाचा हात लागावा म्हणून लोकांनी शालिकरामांचे खांदे धरले, त्यांचे पंजे तिरडीवर टेकवले आणि वर आपले हात ठेवले.

नंतरचे काही आठवडे देवकाबाई शहरभर फिरल्या. आपल्यासारखंच घरात बॅटरीचं काम करणारी माणसं त्यांना माहीत होती. त्यांच्या घरोघरी जाऊन त्या सांगत, पोरं इथं ठेवू नका. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गड्डीगोदामकडच्या एका घरी गेले. घरमालक ओळखीचा होता, त्यानं चहा दिला. सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, तुमच्या पोरीचं वाईट झालं," तो म्हणाला. "पण आमचा बाप यातच म्हातारा झाला. त्याले तं काई नाई झालं. ज्याचं त्याचं असते."

"ज्याचं त्याचं नाई गा. डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टर तं सांगनच. कामधंदा तो देते का आम्हाले?"

त्याचा रांगता मुलगा भिंतीशी बसून शिशाचा एक चकचकीत तुकडा चोखत होता. देवकाबाई उठल्या आणि त्यांनी तो त्याच्या तोंडातून काढून घेतला. पोर किंचाळून रडायला लागलं. त्याची आई आतून आली, पोराला उचललं आणि काही न बोलता पडदा ओढून आत गेली. आम्ही चहा अर्धा ठेवून बाहेर पडलो. पुढे कुणी म्हणे, हिला दुसऱ्यांचे धंदे बुडवायचे आहेत. कुणी म्हणे, पोरगी गेली, डोकं फिरलं. मग देवकाबाईंनी जाणं सोडलं. काही दिवसांनी नवराबायको कळमेश्वरजवळ देवकाबाईंच्या भावाच्या गावी निघून गेले. शालिकराम तिथं फार दिवस जगले नाहीत, असं ऐकलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी कळमेश्वरला गेले होते. परतताना एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत बसले असताना शेजारी एक वाळलेली, पिवळट चेहऱ्याची बाई येऊन बसली. मी ओळखलं नाही. त्यांनीच म्हटलं, "बाई, तुम्हीच ना जी?"

देवकाबाईच होत्या. मूत्रपिंडांचा त्रास होता त्यांना. नागपूरला दाखवून आल्या होत्या, आता गावाकडच्या गाडीची वाट पाहत होत्या. भावाच्या शेतात जमेल तेवढं काम करतात म्हणाल्या. इकडचं तिकडचं बोललो. शाळेचं विचारलं, लाउडस्पीकर अजून आहे का विचारलं. मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या.

"एक विचारू का जी? खरं सांगा."

"विचारा."

"सुजाता पह्यलीपासूनच थोडी कच्ची होती ना? म्हणजे बिमार पडाच्या आधीबी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही शिकवत होत्या. तुम्हाले माहीत असन. काही लेकरं असतात तशी. माह्या भावाचा लहाना आहे, त्याले काई येत नाई, आणि त्याच्या घरी तं शिसं नव्हतं कधी."

त्या काय मागत होत्या ते मला कळलं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. त्या आजारी होत्या, आणि पुन्हा भेट होईल असं वाटत नव्हतं. मी हो म्हणायला तोंडही उघडलं. पण पहिलीतली सुजाता माझ्या डोळ्यांसमोर आली. शाळेच्या पहिल्या आठवड्यात बाकीची पोरं आईसाठी रडत होती आणि ही वर्गभर फिरून एकेकाला सांगत होती, घंटा तीनदा झाली की आई येते, मी मोजून सांगते. त्या मुलीला मी कच्ची कसं म्हणणार होते? तिची साक्ष द्यायला माझ्याशिवाय आता कोण होतं?

"नाही, देवकाबाई," मी म्हटलं. "वर्गात सगळ्यांत हुशार होती ती. माझ्या सगळ्या वर्षांत तशी मुलगी आली नाही." आणि मी त्यांना घंटेची गोष्ट सांगितली.

त्यांनी ती पूर्ण ऐकली. स्टँडवर गाड्या लागत होत्या, कंडक्टर गावांची नावं पुकारत होते. त्यांच्या गावाची गाडी आली तशा त्या गुडघ्यांवर हात देऊन उठल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "मीबी तसंच समजत होती."

मी त्यांची पिशवी गाडीत चढवून दिली. माझ्या बाजूची खिडकी रिकामी होती, पण त्या पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसल्या.